मदत हवी आहे: आठवड्यातून तीनदा मटण-चिकन होतं, ते एकदावर कसं आणू? (कोल्हापूर, सहा माणसांचं घर)

नमस्कार. जरा मोठं लिहितेय, कारण घराची रीत कळल्याशिवाय कुणाला सल्ला देता येणार नाही.

आम्ही कोल्हापूरचे. घरात मामा-आत्या (म्हणजे माझे सासरे आणि सासूबाई), आमचे हे, मी, दहावीतली मुलगी आणि १३ वर्षांचा मुलगा. हे फौंड्रीत कामाला आहेत आणि चार महिन्यांपासून ओव्हरटाइम बंद आहे. मामांच्या गोळ्या, मुलीचा क्लास, गॅस, सगळं आहे तिथंच आहे. मागच्या महिन्यात वही घेऊन बसले तेव्हा कळलं की बुधवारी एक किलो मटण, शुक्रवारी एक किलो मटण आणि सोमवारी चिकन, एवढ्यातच किराण्याइतके पैसे जातात. आमच्या भागात मटण आठशेच्या घरात आहे. खोबरं, खसखस, तेल वेगळंच.

मांसाहार बंद करायचा नाही. आषाढात त्र्यंबोली देवीला नवं पाणी वाहिलं की गल्लीत जेवण असतं, ते होणारच, आणि व्हावंच. मला फक्त रोजच्या घरातलं कमी करायचंय. तीन वारांपैकी एक ठेवायचा, बाकीचे दोन शाकाहारी किंवा अंड्यावर काढायचे.

आमच्याकडे मंगळवार अंबाबाईचा, शनिवार मारुतीचा (मुलगा तालमीत जातो), रविवार जोतिबाचा. या तीन दिवशी कुणी हूं का चूं करत नाही. पिठलं-भाकरी, आमटी, भरलं वांगं, जे असेल ते सगळे पोटभर खातात. श्रावणात तर महिनाभर निभतं. पण तेच पिठलं बुधवारी केलं की मामा ताटाकडे बघून विचारतात, "आज काय झालंय?" म्हणजे जेवण चवीला कमी पडतंय असं नाही. बुधवारी मटण असणार हे मनानं धरलेलं असतं आणि ते मोडलं की वाईट वाटतं. हे मला समजतं, म्हणूनच एकदम मोडायचं नाही.

मी दोन प्रयोग केले. सोयाबीनच्या वड्या मटणाच्या वाटणात घातल्या. वास आला, रबरासारख्या लागल्या, मुलानं ताट सरकवलं. पनीर केलं तर ते आवडलं, पण सहा जणांना पुरेल एवढं पनीर घ्यायचं तर बचत कुठली?

तिसरी गोष्ट सांगताना अवघड वाटतंय, पण खरी अडचण तीच आहे. पैसे कमी पडले तेव्हा मी एक किलोचं अर्धा किलो केलं, रस्सा वाढवला. वाढताना आधी मामा, हे आणि मुलगा. आत्या, मुलगी आणि मी शेवटी बसलो तेव्हा पातेल्यात रस्साच होता. कुणी मुद्दाम केलं नाही, वर्षानुवर्षं असंच वाढलं जातं. त्याच आठवड्यात मुलीच्या रक्ताचा रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन ९.४. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि "हिला नीट खायला घाला" म्हणून सांगितलं. तेव्हापासून माझं ठरलंय की खर्च कमी करायचा तो सगळ्यांच्या ताटातून सारखा. पोरीच्या आणि आत्यांच्या ताटातून काढलेले पैसे मला नकोत.

तर विचारायचं असं, की मटण नसताना रश्श्याला तो भरीवपणा कसा आणायचा? माझा शाकाहारी तांबडा रस्सा तिखट पाण्यासारखा होतो. मुलीचं रक्त वाढायला मटण कमी करणं आड येईल का? आणि मामा म्हणतात, "पोरगं तालमीत जातंय, त्येला काय पाला घालणार व्हय?" मामांनी तरुणपणी स्वतः कुस्ती केलीय, त्यामुळे त्यांचा शब्द मला उडवून लावायचा नाही. त्यांना पटेल असं काय सांगू?

स्वयंपाक मी आणि आत्या करतो. कुकर दोन आहेत, मिक्सर आहे, फ्रीज लहान आहे.

प्रतिसाद

ताई, मी कराडकडची. सोयाबीनला मटणाचं सोंग देऊ नका, खाणारा जिभेनं मटण शोधत बसतो आणि ते सापडत नाही. ज्या पदार्थाला आपल्याकडे स्वतःचं नाव आणि मान आहे तो करा. बुधवारी "आज मटण नाही" असं म्हणण्यापेक्षा "आज अख्खा मसूर आहे" म्हणा. आमच्याकडे अख्खा मसूर खायला लोक ढाब्यावर गाडी थांबवतात!

मसूर रात्री भिजवा, कुकरला दोनच शिट्ट्या, दाणा अख्खा राहिला पाहिजे. कांदा बारीक चिरून तेलात चांगला तांबूस होईपर्यंत परता, इथं घाई नको. मग आलं-लसूण, टोमॅटो, तुमची कांदा-लसूण चटणी, आणि तेल सुटल्यावर मसूर त्याच्या शिजलेल्या पाण्यासकट. शेवटी दोन डाव मसूर घोटून परत आत टाका, दाटपणा येतो. पाव किलो मसुरात सहा माणसं जेवतात. सोबत ज्वारीची भाकरी, खर्डा, कच्चा कांदा आणि लिंबू. ताट मटणाच्या दिवशी मांडता तसंच मांडायचं.

दुसरं म्हणजे उडदाचं घुटं. लसूण, हिरवी मिरची, सुकं खोबरं वाटून लावायचं. थंडीपावसात भाकरी कुस्करून खाल्लं की जड, तृप्त जेवण होतं.

प्रतिसाद

रश्श्याबद्दल. मटणाच्या रश्श्यात तीन गोष्टी असतात: हाडांचा अळणी (मटण शिजवलेलं पाणी), चरबी आणि वाटण. तुम्ही वाटण तेच ठेवता, पण अळणीच्या जागी नुसतं पाणी घालता, म्हणून तो पाणचट होतो. साधं पाणी घालूच नका. मटकी, हरभरे किंवा मसूर शिजवलेलं पाणी घ्या. कटाच्या आमटीला येळवणी असते तशी, तिच्यात अंग असतं. कांदा चिरून वाटण्याऐवजी अख्खा गॅसवर काळा होईस्तोवर भाजा, खोबरं खरपूस भाजा, थोडे तीळ घाला (खसखशीपेक्षा किती स्वस्त). आणि वाटण तेल सुटेपर्यंत परतल्याशिवाय पाण्याचा थेंब घालू नका, कारण इथं चरबी नाही, तर्री सगळी तुमच्या परतण्यावर आहे.

आत शेवग्याच्या शेंगा घाला. चोखून खायचं काहीतरी हातात लागतं, पुरुष माणसांना ते फार बरं वाटतं. नाहीतर उन्हाळ्यातले सांडगे असतील तर तेलात तांबूस तळून या रश्श्यात सोडा. वड्या रस्सा पितात, चावायला लागतात.

पांढरा रस्साही होतो. फ्लॉवरचे देठ, कांदा, आलं, लसूण, मिरे, तमालपत्र उकळून गाळून घ्यायचं, मग नारळाचं दूध आणि तिळाची पेस्ट. दूध घातल्यावर खळाखळा उकळू नका, फुटतं.

प्रतिसाद

मी मराठवाड्यातली. ज्या दिवशी मटण करणार त्याच दिवशी ते पुरवा. आमच्याकडे दालचा करतात: अर्धा किलो मटण, त्यात हरभऱ्याची डाळ आणि दुधीच्या मोठ्या फोडी, वर चिंचेचा कोळ. आठ माणसं जेवून उठतात आणि कुणाला कमी पडल्यासारखं वाटत नाही, कारण पातेलं भरलेलं असतं. खिम्यातही भिजवलेली हरभरा डाळ निम्म्याला निम्मी चालते. खिम्याचं अजून एक बरं आहे, सगळ्यांच्या वाटीत सारखा येतो. तुम्ही जे वाटपाचं लिहिलंय त्याला हा सोपा उपाय.

प्रतिसाद

आहार हा माझा कामाचा विषय आहे, म्हणून मुलीबद्दल सविस्तर लिहिते.

आधी हे की गोळ्या थांबवू नका. हिमोग्लोबिन ९.४ असताना ते नुसत्या जेवणानं भरून काढायला फार वेळ लागेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि १५ ते १९ च्या मुलींत हे प्रमाण त्याहूनही थोडं जास्त. ज्या घरांत मांसाहार होतो तिथंही बायकांच्या ताटात तो किती पोचतो, हा तुम्ही काढलेला मुद्दा अगदी खरा आहे.

मटणातलं लोह शरीर सहज घेतं, डाळी-पालेभाज्यांतलं कमी घेतं. म्हणून काही सवयी लावा. कडधान्याच्या जेवणावर लिंबू पिळायचंच, किंवा पेरू, आवळा असं काही असू दे. जेवणानंतर लगेच चहा नको, तासभर तरी जाऊ द्या, कारण चहा लोह अडवतो. गोळीही चहा-दुधाबरोबर देऊ नका. कडधान्याला मोड आणले की त्यातलं लोह जास्त मिळतं. कढई आणि तवा लोखंडी वापरा. पंधरा दिवसांतून एकदा पाव किलो कलेजी आणा आणि ती आधी मुलीला आणि आत्यांना वाढा. लोह आणि बी-१२ दोन्हीला कलेजीइतकं भरीव फार थोडं काही आहे. आठवड्याला एक दिवस मटण, थोडी अंडी, रोजचं दूध-दही असेल तर बी-१२ ची काळजी एरवी करायला नको.

आता मुलगा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार १३ ते १५ वयाच्या मुलाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी म्हणजे १२, अर्धा लिटर दूध म्हणजे १६, मूठभर (५० ग्रॅम) कोरडं कडधान्य शिजवून म्हणजे १२, ज्वारीच्या तीन भाकऱ्या म्हणजे १८ च्या आसपास. बेरीज केली तर ५८ झाले, आणि यात मटण धरलेलंच नाही. शेंगदाणे वेगळे. तालमीत जातो म्हणून गरज थोडी जास्त धरली तरी भागतं. शिवाय मटण किलोनं घेता त्यात हाडाचंही वजन असतं.

प्रतिसाद

मामांसाठी एका जुन्या तालीमवाल्याकडून. आमचे वस्ताद मटण खायचे, पण आम्हाला पहाटे सांगायचे ते दूध, तूप आणि बदामाची थंडाई. उत्तरेकडं कित्येक आखाड्यांत मल्ल निव्वळ दूध-तूप-बदामावर तयार होतात. बदाम महाग पडतील तर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे आणि गूळ द्या, जोर-बैठकांनंतर आम्ही तेच खात वाढलो. मामांना समजावायला जाऊ नका वहिनी. त्यांनाच विचारा, "तुमच्या वेळी तालमीत खुराक काय असायचा?" ते सांगतील तेच नातवाला सुरू करा.

प्रतिसाद

मला हे सगळं पटत नाही. म्हातारी माणसं, दोन घास आवडीचे खातात, ते कशाला तोडायचे? खर्च दुसरीकडं कमी करा.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटच्या प्रतिसादाला आधी सांगते: मामांचे दोन घास मी तोडत नाहीये, आठवड्याचं मटण आहेच. २०१९ च्या शेवटी दरावरून इथं आंदोलन झालं होतं, तेव्हा मामाच म्हणाले होते, "दर खाली येईतोवर मटण आणायचं न्हाई." आणि पाळलंही. पटलं की ते पाळतात, म्हणून तर पटवायचा खटाटोप.

तीन आठवड्यांत काय झालं ते सांगते. शुक्रवार मटणाचा ठेवला. बुधवारी अख्खा मसूर केला, पितळी ताटं काढली, कांदा-लिंबू कापून मधे ठेवलं. मामांनी पहिल्या घासाला काही म्हटलं नाही. मग आत्यांना म्हणाले, "भाकरी आन आनखी एक." त्या दिवशी सहा जणांचं जेवण मटणाच्या खर्चाच्या चौथाईहूनही कमी पैशांत झालं. सोमवारी चिकनऐवजी अंड्याचा रस्सा, माणशी दोन अंडी, मोजून सगळ्यांना. मुलांना तोच जास्त आवडला.

खुराकाचं विचारलं तर मामा अर्धा तास बोलत होते. आता संध्याकाळी हरभरे तेच स्वतः भिजत घालतात आणि सकाळी नातवासमोर वाटी घेऊन उभे राहतात. त्यात मला काही करावं लागलेलं नाही.

शाकाहारी तांबडा रस्सा दुसऱ्या खेपेला जमला. मटकीचं पाणी आणि काळा भाजलेला कांदा, फरक तिथंच पडला. पांढरा फुटला, मी उकळला होता.

आणि शुक्रवारी मी आधी सहा वाट्या भरल्या, मग सगळ्यांना एकदमच बसवलं. हे जरा बावरले, "तू पण बस" म्हणाले. नळी मुलीच्या वाटीत घातली होती. मामांनी बघितलं, काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर तिला म्हणाले, "नीट ठोक ताटावर, आत ऱ्हातंय."

उद्या बुधवार, घुटं करायचंय. घरात सालीची उडीद डाळ आहे. भिजवून घेऊ का तशीच कुकरला लावू?

प्रतिसाद

कराडकडची परत. तासभर भिजवा, गॅस वाचतो. साल काढू नका, चव तिथंच असते. शिजल्यावर मिक्सरला लावू नका, रवीनं घोटा, आणि फोडणीत लसूण हात सैल सोडून घाला.