गाडी न काढता काय दिसलं? घराजवळच्या ऋतूंचे अनुभव

भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आणि कासची फुलं सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतात, ती इथे नकोत. पुण्यात आपापल्या खिडकीतून, गच्चीवरून, दूध आणायला जाताना किंवा बसची वाट बघताना काय दिसलं ते लिहा. गाडी काढावी लागली असेल तर अनुभव बाद! महिना तेवढा सांगा, म्हणजे इतरांना शोधता येईल. सुरुवात मीच करते.

कर्वेनगर
आमच्या फाटकाशी वावळ आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडावर पान नसतं, तरी लांबून ते पोपटी दिसतं. जवळ गेलं की कळतं, ही पानं नव्हेत, गोल चपट्या पापड्यांचे घोस आहेत. मधे बी आणि भोवती पातळ पंख. एप्रिलच्या वाऱ्यात त्या वाळून सुटतात आणि पार्किंगभर भिरभिरतात. झाडणाऱ्या मावशी म्हणतात, "ताई, तुमचं झाड सुरू झालं बघा." झाड सोसायटीचं आहे, पण फोटो मी काढते म्हणून कचराही माझाच. आतली बी सोलून खाऊन बघा, लहानपणी आम्ही चारोळी म्हणून खायचो.

पाषाण
आमचा ऋतू कढीपत्त्याच्या कुंडीत येतो, पावसाळ्यात. सासूबाई फोडणीसाठी पानं खुडत होत्या. पानावर पक्ष्याची शीट दिसली म्हणून झटकायला गेल्या, तर शीट चालायला लागली! लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या काळ्या-पिवळ्या फुलपाखराची ती अळी. लहानपणी शीटेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. तेव्हा काडीने हलकेच डिवचलं, तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र आंबूस वास सोडते. नंतर फांदीला धरून, पाठ बाहेरच्या बाजूला मोकळी सोडून, कमरेभोवती एकच रेशमी धागा बांधून कोष करते. फुलपाखरू बाहेर आलं तेव्हा पंख चुरगळलेले होते, ते उलगडून वाळेपर्यंत आम्ही दोघी चहा विसरून उभ्या. सध्या घरात कढीपत्ता भाजीवाल्याकडून येतो. कुंडीतला पाहुण्यांसाठी राखीव आहे.

सदाशिव पेठ
झाडांचं कौतुक चालू द्या. आमच्या वाड्याची इमारत झाली तेव्हा झाड गेलं, सूर्य मात्र ठेवला आहे. दरवर्षी १३ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी गच्चीवर या आणि सपाट जागी सरळ उभा पेला पालथा ठेवा. सावली नाहीशी होते. सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो असं पुष्कळ सुशिक्षितांना वाटतं. तो पुण्यात वर्षातून दोनदाच येतो. आपला अक्षांश सुमारे साडेअठरा अंश, सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेकडे सरकलेले अंश, तितकीच झाली की तो बरोबर माथ्यावर. जुलैअखेरीस पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांचा भरवसा नाही. चप्पल घालून या, गच्ची तापते.

औंध
उंबरावर राखी धनेश बसलेला दिसतो, हे आता आम्हाला नवीन नाही. पण एप्रिलमध्ये नर एकटाच ये-जा करायला लागला, तेव्हा लक्ष ठेवलं. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते. विष्ठेने तोंड लिंपते आणि चोच जाईल एवढीच फट ठेवते. नर फळं घशात भरून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून आत देतो. गळ्याला झटका, चोचीच्या टोकाला फळ, ते आत. मग पुन्हा झटका. जाणारी-येणारी माणसं खाली फोनवर बोलत असतात. ढोली कुठल्या झाडात आहे ते विचारू नका, सांगणार नाही. मोठ्या लेन्सवाल्यांची गर्दी झाली की तो घाबरून फिरकत नाही.

कोथरूड
वेताळ टेकडी आमच्या मागच्या दाराशीच आहे, तेव्हा चालेल ना? जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की मातीवर मृगाचे किडे निघतात. लालभडक मखमल, हातावर घेतला की पाय आवळून स्वस्थ बसतो. टेकडीवर गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची लागवड आहे तिथे खाली फार काही सापडत नाही, हा माझा जुना राग. सालई, मेडशिंगी या आपल्याकडच्या झाडांच्या बाजूला, मोकळ्या माळावर बघा.

कोथरूडच, पण डहाणूकर कॉलनी
पाय मोजा, आठ भरतील. किडा म्हणतात खरं, पण तो कोळ्यांच्या गोतावळ्यातला.

हडपसर
ऑक्टोबर, रात्रपाळीची कॅब गेटवर सोडते तेव्हा सातवणाचा वास. दिवसा त्या झाडाकडे ढुंकूनही बघत नाही.

सहकारनगर
तो वास येतो म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतो! डोकं धरतं. त्यापेक्षा बुच बघा. पावसाळा सरला की सकाळी रस्त्यावर लांब देठांची पांढरी फुलं पडलेली असतात. आई त्यांची वेणी करायची, दोरा न घेता, देठांत देठ गुंफून. माझ्या मुलीला अजून जमत नाही, ती पिपाणी करून वाजवते.

वाकड
बाविसाव्या मजल्यावर काय येणार? पण एक आहे. घार आमच्या खाली उडते. तिची पाठ, पसरलेले पंख, शेपटीची ती सुकाणूसारखी हालचाल वरून दिसते. पेठेतल्या गच्चीवर हे नाही मिळायचं.

सदाशिव पेठ
लिफ्ट बंद पडली की कळवा.

धायरी
मे महिन्यात मध्यरात्रीनंतर एक पक्षी ओरडतो. आवाज चढत चढत जातो, टोकाला जाऊन तुटतो आणि परत पहिल्यापासून. कोण हा?

कर्वेनगर
पावशा. शेतकऱ्यांना तो 'पेर्ते व्हा' म्हणतो.

धायरी
आमच्याकडे शेत नाही, सकाळी सातला शाळेची बस आहे. त्याला कोणी सांगेल का?