असोसिएशनची फी भरायची ती नेमकी कशासाठी?

प्लास्टरचे_हात

काल आपल्या असोसिएशनच्या एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांची पोस्ट फिरत होती. मथितार्थ असा: नव्या पिढीच्या पी अँड ओ (प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, म्हणजे कृत्रिम हातपाय आणि ब्रेस बसवणाऱ्या) मंडळींना सीआरईचे (रजिस्ट्रेशन टिकवायला लागणाऱ्या प्रशिक्षणाचे) पॉइंट हवेत, रजिस्ट्रेशन रिन्यू करून हवं, पण सभासद व्हायला नको, वर्गणी जड वाटते, आणि मग हेच लोक 'आम्हाला हॉस्पिटलात कोणी विचारत नाही' म्हणून गळे काढतात. खाली अंगठ्यांची रांग. मी तिथे दोन ओळी लिहिल्या तर 'वैयक्तिक टीका नको' म्हणून काढून टाकल्या. म्हणून इथे. लांबण आहे, वैतागही आहे.

मी हाजी अलीच्या इन्स्टिट्यूटमध्ये बीपीओ (बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स) केलं. साडेचार वर्षं, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. शिकत असतानाच सभासदत्वाचा फॉर्म भरला होता, उत्साहाने. त्यानंतर असोसिएशनकडून मला आलेला पत्रव्यवहार सांगतो: कॉन्फरन्सचं आमंत्रण, कॉन्फरन्सची आठवण, सवलतीची मुदत संपत आल्याची आठवण आणि दिवाळीच्या शुभेच्छा.

पहिली नोकरी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. माप घेणं, कास्टिंग (प्लास्टरचा साचा घेणं), रेक्टिफिकेशन (तो साचा सुधारणं), ट्रायल, अलाइनमेंट, पेशंटला पॅरलल बारमध्ये चालवून बघणं, सगळं माझ्याकडे. नेमणूक पत्रावर मात्र 'टेक्निशियन', आणि फाइलवर सही दुसऱ्याची. असोसिएशनला लिहिलं, एक साधं पत्र द्या. आरसीआयच्या (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या) कायद्याखाली प्रोस्थेटिस्ट आणि ऑर्थोटिस्ट ही रिहॅबिलिटेशन प्रोफेशनलच्या यादीत आहेत, एवढंच त्या प्रशासनाला कळवा. उत्तर आलं: आपले सभासदत्व संपुष्टात आले आहे, कृपया नूतनीकरण करावे.

बरं, नूतनीकरण केलं. कॉन्फरन्सलाही गेलो. जनरल बॉडीची मीटिंग कधी? शेवटच्या दिवशी, समारोपानंतर, संध्याकाळी. तोवर निम्मे लोक रेल्वे स्टेशनवर. उरलेल्यांनी हात वर केले, तीच मंडळी खुर्च्या बदलून पुन्हा आली.

तेव्हा 'सहभाग नाही, सहभाग नाही' म्हणून आम्हाला झोडण्याआधी सहभागाला दार कुठे ठेवलंय ते दाखवा.

जुना_लिंबफिटर_पुणे

एक पत्र मिळालं नाही म्हणून एवढा रुसवा! तुम्ही ज्या कायद्याचा दाखला देताय तो १९९२ चा. त्याआधी आम्ही काय होतो माहीत आहे? वर्कशॉपचा माणूस. सर्जन राउंडला आले की आम्हाला दाराबाहेर थांबवायचे आणि 'याच्या पायाचं बघ रे' म्हणून पुढे जायचे. तुम्हाला निदान यादीत नाव तरी आयतं मिळालं.

२०१३ साली आयएसपीओची, म्हणजे आपल्या क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, जागतिक काँग्रेस हैदराबादला झाली. जगभरचे लोक भारतात आले. त्यासाठी आमच्यातले काही जण बिनपगारी रजा टाकून राबले. कोणी मानधन घेतलं नाही. आज जे 'असोसिएशन काय करते' विचारतात ते तेव्हा गळ्यात बिल्ला घालून फोटो काढत होते.

संध्याकाळच्या मीटिंगचं म्हणाल तर सकाळी ठेवली तेव्हाही रिकाम्याच खुर्च्या होत्या. लोक स्टॉलवर सिलिकॉन लायनर चाचपत होते.

भौ_अमरावती

दोघंही बरोबर असान, पण माझा प्रश्न येगळा आहे. आमच्या इकडं सर्जिकलच्या दुकानात काउंटरवरचा पोरगा केएएफओचं (मांडीपासून पावलापर्यंतच्या ब्रेसचं) माप घेते. टेपनं, पँटीवरून. कास्ट नाही, काही नाही. कायद्यात रजिस्ट्रेशनशिवाय प्रॅक्टिस केली तर शिक्षा आहे म्हणतात. वाचली का कोणी? एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. हजार रुपये! तेवढ्यात बरं एएफओ (घोट्या-पावलाचा ब्रेस) पण येत नाही. असोसिएशननं आजवर एका तरी दुकानदारावर तक्रार ठोकली काय?

मिरजेची_ऑर्थोटिस्ट

भौ, दुकानदार तरी पैसे घेतो, त्यामुळे पेशंट निदान भांडायला तरी जातो. मला जास्त त्रास फुकट पाय वाटणाऱ्या शिबिरांचा आहे, आणि त्यावर असोसिएशनचं तोंड कायम शिवलेलं. कारण स्टेजवर पुढारी असतात.

गेल्या वर्षी एक ऊसतोड मुकादम आला. शुगरमुळे गुडघ्याखालून पाय काढलेला. टाके निघून फार दिवस झाले नव्हते तोच कुणीतरी त्याला शिबिरात नेलं. स्टंप (उरलेला पाय) अजून सुजलेला, त्याच अवस्थेत माप. सूज उतरल्यावर सॉकेट (कृत्रिम पायाचा स्टंप बसतो तो भाग) ढिलं झालं, त्याने आत फडकी कोंबली. पुढे टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) टोकाला जखम, आणि शुगरवाल्याला तिथे संवेदना कुठली? वास यायला लागल्यावर बायकोच्या लक्षात आलं. सर्जन म्हणाले गुडघ्यावरून काढावा लागेल. कसाबसा वाचला गुडघा.

आणि पुढची गंमत ऐका. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून (अपंगांना साधनं देणाऱ्या) एकदा साधन दिलं की त्याच कामासाठी तीन वर्षं दुसरं मिळत नाही. सरकारी नोंदीत हा माणूस 'लाभार्थी'. फोटोही आहे, हार घातलेला.

शिबिरवाला_नंदुरबार

मॅडम, तुमचा मुकादम खरा असेल. माझीही माणसं खरी आहेत. अक्कलकुव्याच्या आतल्या पाड्यावरचा एक माणूस, मांडीतून पाय गेलेला. काठी टेकत, लंगडी घालत जगत होता. कुठल्या तरी शहरात त्याला एका सेंटरने साठ हजारांचं कोटेशन दिलं होतं. तो कागद त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, मला दाखवला. आम्ही त्याला पाय लावला, दोन दिवसांत तो चालत गेला. आता शेतात उतरतो. जयपूर फूट १९६८ पासून आहे तो उगाच नाही. अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलात जाता येतं. तुमच्या कार्बनच्या पायाला बूट लागतो, आणि बूट घ्यायलाही पैसे.

मिरजेत एसी क्लिनिकमध्ये बसून शिबिरांना नावं ठेवणं सोपं आहे.

मिरजेची_ऑर्थोटिस्ट

एसी? अहो, माझ्याकडे प्लॅस्टिक तापवायचा ओव्हन चालू केला की पंखासुद्धा बंद करावा लागतो, फ्यूज उडतो. माझी जागा न बघता बोलू नका.

आणि फूटला कोण नावं ठेवतंय? मी सॉकेटबद्दल बोलतेय. बीपीओ केलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगायला लागू नये. एचडीपीईचा, म्हणजे प्लॅस्टिकचा पाइप तापवून कास्टवर ओढला, खालून उघडा ठेवला, म्हणजे सॉकेट होतं का? सगळा भार कुठे येतो? तुमचा माणूस दोन दिवसांत चालत गेला, छान. सहा महिन्यांनी कसा आहे? गेलात का बघायला?

शिबिरवाला_नंदुरबार

मी बीपीओ नाही. मी तिथे स्वयंसेवक आहे. समन्वय बघतो. फिटिंग तंत्रज्ञ करतात.

मिरजेची_ऑर्थोटिस्ट

झालं. बोलणंच खुंटलं.

भौ_अमरावती

म्हंजे टेपवाला पोरगा दुकानातच नाही, शिबिरात पण आहे.

शिबिरवाला_नंदुरबार

आमच्याकडचे तंत्रज्ञ वीस-वीस वर्षं हेच करतायत. तुमच्या डिग्रीवाल्यांना विचारलं होतं आम्ही. एकाने 'रविवारी जमणार नाही' सांगितलं, एकाने मानधन विचारून फोन ठेवला. मग काय पाडे तसेच सोडायचे? डिग्रीवाला येत नाही आणि बिनडिग्रीवाल्याने केलं की पाप.

आणि असोसिएशनचं म्हणाल तर मीही एका कॉन्फरन्सला गेलो होतो, स्वतःच्या खर्चाने. मायोइलेक्ट्रिक हातावर सेशन, थ्रीडी प्रिंटिंगवर सेशन. शिबिरात स्टंप कसा तपासावा, कुणाला परत पाठवावं, यावर एक शब्द नाही. चहाच्या वेळी एका सरांना विचारलं तर म्हणाले, 'ते एनजीओचं क्षेत्र आहे.'

प्लास्टरचे_हात

धागा माझा, भांडण तुमचं. चालू द्या. पण नंदुरबारकरांचा शेवटचा मुद्दा माझाच मुद्दा आहे हे नोंदवून ठेवतो.

डेट्रॉइटकर

इथून थोडं सांगतो, 'एनआरआयचा उपदेश' म्हणालात तरी चालेल. अमेरिकेत जुलै २०१५ मध्ये मेडिकेअरच्या (तिथल्या सरकारी आरोग्य विम्याच्या) कंत्राटदारांनी कृत्रिम पायांसाठी नव्या नियमांचा मसुदा काढला. तो लागू झाला असता तर कितीतरी पेशंटांना कमी दर्जाचे पाय घ्यावे लागले असते. असोसिएशन, क्लिनिकवाले आणि पाय गमावलेली माणसं एकत्र आली. व्हाइट हाउसकडे लाखावर सह्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मसुदा थांबला. आणि १ सप्टेंबर २०२४ पासून कमी चालणाऱ्या, म्हणजे के टू पातळीच्या पेशंटांनाही मायक्रोप्रोसेसर गुडघा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. हे एकट्या क्लिनिकवाल्याच्या पत्राने होत नाही. मी इथे वर्गणी भरतो ती एवढ्यासाठीच.

भौ_अमरावती

दादा, तिथं मेडिकेअर आहे म्हणून भांडायला कोणीतरी आहे. इथं मेडिक्लेमवाला 'शरीराच्या बाहेरून लावायचं साधन' म्हणून हात झटकते. आम्ही कोणाच्या दारात सह्या न्यायच्या?

डेट्रॉइटकर

तेच तर. ते दार कोणतं हे शोधायलाच संघटना लागते ना?

जुना_लिंबफिटर_पुणे

शाब्बास. एवढं एक वाक्य आमच्या कुणाला लिहिता आलं असतं तर कालची पोस्ट लागली नसती. २०१७ ला जीएसटी आला, कृत्रिम पायावर ५ टक्के लागले, तेव्हा इथे लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी निवेदनावर सही केली? फिजिओथेरपीवाल्यांना २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या कायद्यात जागा मिळाली. ते आपल्यापेक्षा हुशार आहेत म्हणून नाही. ते हजारोंनी आहेत आणि एकत्र ओरडतात म्हणून. डब्ल्यूएचओची २०१७ ची मानकं म्हणतात दहा लाख लोकांमागे पाच ते दहा क्लिनिशियन हवेत. महाराष्ट्राची लोकसंख्या धरून हिशोब करा आणि मग आपल्यापैकी किती आहेत ते बोटांवर मोजा. मूठभर आणि त्यातही फुगून बसलेले.

मिरजेची_ऑर्थोटिस्ट

सर, आदर ठेवून विचारते. त्या मूठभरांत बायका किती, आणि कार्यकारिणीत किती? मागे मी उभी राहते म्हटलं तर मला सांगितलं, 'मॅडम, तुम्ही सांस्कृतिक कार्यक्रमाचं बघा.' मी प्रोस्थेटिक गेटवर, म्हणजे कृत्रिम पायाच्या चालीवर, पेपर वाचायला आले होते, रांगोळी काढायला नाही.

जुना_लिंबफिटर_पुणे

हे कोणी म्हटलं असेल तर चूक आहे. मी म्हटलेलं नाही.

मिरजेची_ऑर्थोटिस्ट

तुम्ही शेजारी बसला होतात. हसलात.

बीपीओ_अंतिम_वर्ष

सर, मॅडम, मी अजून शिकतोय. एक विचारू का? सभासद झालो तर नोकरीत उपयोग होतो का? कारण घरी बाबा विचारतात, आरसीआयची फी वेगळी, सीआरईची फी वेगळी, असोसिएशनची अजून वेगळी, पगार किती?

भौ_अमरावती

बाबाले इथं आणा. त्यांनाच अध्यक्ष करू.

प्लास्टरचे_हात

अंतिम वर्षवाल्या मित्रा, खरं सांगायचं तर नोकरीत उपयोग शून्य. माझं पद शेवटी बदललं ते एका ऑर्थोपेडिक सर्जनबाईंनी स्वतःहून प्रशासनाशी भांडून घेतलं म्हणून. पण डेट्रॉइटकरांचं उदाहरण मला खटकत बसलंय, कारण त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सर्जनबाई एका माणसाचं पद बदलू शकतात, जीएसटी नाही.

जुने सर, तुमच्याशी पटत नाहीच. पण एक व्यवहार सांगतो. जनरल बॉडी पहिल्या दिवशी, उद्घाटनाच्या आधी ठेवा. मतदान ऑनलाइन करा, म्हणजे गडचिरोलीत बसलेल्यालाही मत देता येईल. आणि शिबिरांसाठी दोन पानांचा किमान नियम काढा: सूज उतरल्याशिवाय माप नाही, रजिस्टर्ड माणसाने कास्ट तपासल्याशिवाय वाटप नाही, वाटपानंतर ठरावीक मुदतीत पुन्हा तपासणी. एवढं झालं तर वर्गणी भरतो, थकबाकीसकट. दिवाळीच्या शुभेच्छा नाही पाठवल्या तरी चालतील.

जुना_लिंबफिटर_पुणे

मागण्या करायला सगळे पुढे. दोन पानं लिहिणार कोण? तुम्ही लिहा, मी मांडतो. पहिल्या दिवशी मीटिंगचा ठरावही मांडतो, पडला तर मला दोष देऊ नका. ऑनलाइन मतदानाला मात्र माझा विरोध. घरात बसून बटण दाबणारा माणूस काम करत नाही.

मिरजेची_ऑर्थोटिस्ट

घरात बसून नाही सर, क्लिनिकमध्ये बसून. बंद केलं तर त्या दिवसाचं भाडं कोण देणार? आणि दोन पानं मी लिहिते. मसुद्यावर माझं नाव राहील, 'महिला विभागातर्फे' असलं काही नको.

शिबिरवाला_नंदुरबार

लिहा. पण 'रजिस्टर्ड माणूस' लिहिताना तो रविवारी येणार की नाही तेही लिहा. आणि त्याचा एसटीचा खर्च कोण देणार तेही. नाहीतर तुमच्या नियमाने एकच होईल, शिबिर बंद, आणि अक्कलकुव्याचा माणूस पुन्हा साठ हजारांचा कागद पिशवीत घेऊन फिरेल.

मिरजेची_ऑर्थोटिस्ट

नंदुरबार कोणत्या रविवारी आहे? पुढच्या महिन्यातली तारीख टाका. मी येते, खर्च माझा. पण सुजलेला स्टंप दिसला तर मी तुमच्या पुढाऱ्यासमोर माणसाला परत पाठवणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

शिबिरवाला_नंदुरबार

तारीख निरोपात टाकली आहे. पुढारी माझ्यावर सोडा. तो दुपारी बारानंतर येतो, तोपर्यंत काय ते तपासून घ्या.

भौ_अमरावती

हे सगळं झालं, पण माझ्या दुकानदाराचं काय? हजार रुपयांवर कोणीच बोललं नाही.