एलडीएल १६८ आलंय, फक्त आहार-व्यायामाने किती उतरेल?

नमस्कार. वय ४३. परवाचा रिपोर्ट: एकूण कोलेस्टेरॉल २४८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८, एचडीएल (चांगलं) ४२, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १९०. शुगर आणि बीपी ठीक आहे. डॉक्टरांनी तीन महिने दिलेत, नाही उतरलं तर गोळी. अंडी बंद केली, तेल निम्म्यावर आणलं, रोज वीस मिनिटं चालतोय. एवढं पुरेल का? ज्यांचं खरंच उतरलं त्यांनी नेमकं काय बदललं ते सांगा.

प्रतिसाद १
दोन वर्षांपूर्वी मीही अगदी अशीच सुरुवात केली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अंडी सोडून दहा आठवडे झाले तरी एलडीएल १६२ वरून १५९. फार खचले होते. मग आहारतज्ज्ञांनी आठवडाभराचं सगळं खाणं वहीत लिहून आणायला लावलं आणि माझ्यासमोर पेन्सिलीने गोल करत गेल्या. कॉफीतली साय, टोस्टवरचं लोणी, संध्याकाळची बिस्किटं, रात्रीचं चीज. पान गोलांनी भरलं. जुन्या पानावर अंडी लिहिलेली होती, त्याला मात्र गोल नव्हता.

अन्नातल्या कोलेस्टेरॉलने बहुतेकांच्या रक्तातला आकडा फारसा हलत नाही, संपृक्त चरबीने (सॅच्युरेटेड फॅटने) हलतो. रक्तातलं एलडीएल उचलणारे रिसेप्टर यकृतावर असतात, ते तिच्यामुळे कमी होतात. म्हणून तेल किती यापेक्षा कुठलं हे आधी बघा. लोण्यातली ६० टक्क्यांच्या वर चरबी संपृक्त, खोबरेल तेलात ८० टक्क्यांच्या वर, सूर्यफूल किंवा ऑलिव्ह तेलात १० ते १५ टक्के. लोण्याच्या जागी असं तेल आणि मूठभर अक्रोड-बदाम आले तर फायदा होतो. त्याच जागी मैदा आणि साखर आली तर ट्रायग्लिसराइड्स वाढतात, आणि तुमचे आधीच १९० आहेत.

दुसरा बदल विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या तंतूंचा (फायबरचा). ओट्स, जव, कडधान्यं, सफरचंद, इसबगोल. हे तंतू आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवतात आणि शौचावाटे बाहेर नेतात. नवीन पित्त बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते मग रक्तातून ओढलं जातं. दिवसाला ५ ते १० ग्रॅम असे तंतू पोटात जायला हवेत. ७५ ग्रॅम कोरड्या ओट्समधून बीटा-ग्लुकन नावाचा असाच तंतू ३ ग्रॅम मिळतो. एकदम वाढवू नका, पोट फुगतं. हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या. माझं तीन महिन्यांत १३४ वर आलं.

प्रतिसाद २
थायरॉईड तपासलंय का? ते मंदावलं की एलडीएल चढतं, मग पथ्याला यश येत नाही. इसबगोल घेणार असाल तर इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा.

प्रतिसाद ३
चालणं आठवड्याला किमान १५० मिनिटांवर न्या, दम थोडा वाढेल इतक्या वेगाने. एलडीएल त्याने थोडंच उतरतं, पण ट्रायग्लिसराइड्स चांगले खाली येतात. दारू घेत असाल तर तीही कमी करा, त्यांच्यावर तिचा थेट परिणाम होतो. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के घटलं तरी फरक दिसतो. आणि कॉफी न गाळता पीत असाल तर कागदी फिल्टरमधून गाळा. एलडीएल वाढवणारा कॅफेस्टॉल त्यात अडकतो.

धागाकर्ता
ताई, कालपासून वही सुरू केली. लोणी दिवसातून तीनदा निघालं, मला वाटत होतं एकदाच खातो. थायरॉईड उद्या करतो. एक सांगायचं राहिलं, वडिलांना ५१ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. डॉक्टरांना हे बोललो नाही, त्यांनी विचारलंही नव्हतं.

प्रतिसाद १
हे आजच फोन करून सांगा, तीन महिने थांबू नका. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत अटॅक आला असेल तर आपला धोका वरचा धरतात, आणि त्यावरून गोळी आधी सुरू करायची का हे ठरतं. आनुवंशिक कारण असेल तर नुसत्या पथ्याने भागत नाही, त्यात तुमचा दोष नाही. गोळी लागली तरी वही चालू ठेवा. पथ्य असलं की काही वेळा कमी डोस पुरतो. आणि तुमच्या सख्ख्या भावंडांनाही तपासून घ्यायला सांगा.

धागाकर्ता
फोन केला. उद्या संध्याकाळी बोलावलंय. धाकट्या बहिणीलाही कळवलं.