तिप्पट पैसे देणारे अॅड नेटवर्क मी साइटवरून काढले. चूक केली का?

फोंडेकर (धागा सुरू करणारा)

गोव्यातल्या जत्रा, काले आणि उत्सवी नाटकांच्या तारखा देणारी छोटी मराठी साइट मी सहा वर्षे चालवतोय. गेल्या वर्षी एका अॅड नेटवर्कवाल्याने (साइटवरची जागा जाहिरातदारांना विकून देणाऱ्या दलालाने) मेल करून, गूगलच्या अॅडसेन्स या जाहिरातसेवेच्या तिप्पट पैसे देऊ म्हटले. मी त्यांचा कोड लावला. दोन महिने पैसे अगदी वेळेवर आले.

मग म्हार्दोळच्या जायांच्या (जाईच्या फुलांच्या) पूजेच्या आधी मावशीचा फोन आला. पूजेची वेळ बघायला तिने साइट उघडली, तारखेवर बोट ठेवले आणि अख्खा पडदा लाल झाला. 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस आहेत', बीप बीप आवाज, खाली उलटे धावणारे घड्याळ. घाबरून तिने 'इन्स्टॉल' दाबले. ते अॅप काढायला मला अर्धा तास लागला. बँकेच्या खात्याला धक्का लागला नाही, हे नशीब. पण ती म्हणाली, "अरे, तुझी साइट म्हणून दाबलं मी." ते वाक्य मनातून जात नाही.

मला ते आधी का दिसले नाही? मी साइट बघतो घरच्या लॅपटॉपवर. ती जाहिरात यायची फक्त मोबाइलवर, तीही पहिल्याच टॅपला आणि एका माणसाला दिवसातून एकदाच. साइटच्या मालकाच्या नजरेला पडू नये, अशीच तिची मांडणी असते.

त्याच रात्री कोड काढला. माझे मत सांगतो: अशा नेटवर्कला छोट्या साइटवाल्याने उंबऱ्याशीही उभे करू नये, होस्टिंगचा खर्च खिशातून करावा लागला तरी. तुमचे काय म्हणणे?

डिचोलीचा बातमीदार

भाऊ, मावशीचे ऐकून वाईट वाटले. पण तुमचे मत मला मान्य नाही.

मी तालुक्याच्या बातम्या देतो. ग्रामसभा, खाणपट्ट्यातले पाणी, कदंबच्या बसगाड्यांच्या वेळा. अॅडसेन्सने माझा अर्ज दोनदा 'कमी मूल्याचा मजकूर' म्हणून परत पाठवला. मिळाले असते तरी खात्यात १०० डॉलर साठेपर्यंत पैसे हातात येत नाहीत, आणि माझ्या वाचकसंख्येला त्यासाठी वर्ष लागेल. होस्टिंग, डोमेन, पेट्रोल हे सगळे मी कुठून आणू? ज्या नेटवर्कला तुम्ही उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगता, त्याच्याच पैशांवर माझी साइट जिवंत आहे. ती बंद पडली तर आमच्या गावच्या ग्रामसभेत काय झाले हे लिहिणारा कोणी उरणार नाही. वाचकानेही थोडे सावध राहायला शिकावे.

म्हापशाची वेब डेव्हलपर

बातमीदारदादा, तुमची अडचण खोटी नाही. पण वाचकाने सावध राहायचे म्हणजे नेमके काय करायचे? बातमीवर बोट ठेवले की दुसरेच पान उघडते, यात सावध राहायला जागाच कुठे आहे?

माझ्याकडे एका ग्राहकाची साइट आली होती. त्यांच्या नेटवर्कने एक छोटी फाइल सर्व्हरच्या मुळाशी ठेवायला सांगितली होती, 'सूचना' पाठवण्यासाठी. ज्यांनी 'अनुमती द्या' दाबले, त्यांच्या फोनवर साइटच्याच नावाने सट्ट्याच्या आणि कर्जाच्या जाहिराती यायला लागल्या. कोड काढला तरी त्या थांबेनात, कारण परवानगी वाचकाच्या ब्राउझरमध्ये साठलेली होती. शेवटी साइटवर मोठी सूचना लावून प्रत्येकाला क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करायला सांगावे लागले. किती जणांनी केली असेल, देव जाणे.

आणि धंद्याच्या नजरेने बघायचे तरी, डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या क्रोम ७१ पासून गूगलचा नियम आहे की फसव्या जाहिराती सतत दाखवणाऱ्या साइटला ३० दिवसांत सुधारणा करता आली नाही तर तिच्यावरच्या सगळ्या जाहिराती क्रोम अडवतो. म्हणजे एका घाणेरड्या जाहिरातीपायी चांगल्याही जातात.

पणजीकर

मला हा सगळा सोवळेपणा वाटतो. २००९ च्या सप्टेंबरमध्ये न्यू यॉर्क टाइम्सच्या साइटवर खोट्या अँटिव्हायरसची जाहिरात आलीच होती ना? २०१६ च्या मार्चमध्ये तर बीबीसीसारख्या मोठ्या साइटवरूनही जाहिरातींतून मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, गेले. तिथे नामांकित नेटवर्कच होती. मग फोंड्याच्या एका माणसाने एवढे मनाला का लावून घ्यावे?

आणि सट्ट्याचे म्हणाल तर पणजीत राहणाऱ्याला त्याचे काय नवल? मांडवीवर कॅसिनोची जहाजे उभी आहेत, रस्त्याला त्यांचे फलक आहेत. ते चालतात आणि साइटवरची पट्टी तेवढी पाप?

फोंडेकर

पणजीकर, न्यू यॉर्क टाइम्सचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथे ठगांनी व्होनेज या फोन कंपनीचे नाव सांगून जागा विकत घेतली होती. कळल्यावर पेपरने बाहेरच्या जाहिराती थांबवल्या आणि वाचकांना जाहीरपणे सावध केले. फसवले जाणे वेगळे. माझ्या नेटवर्कला मी मावशीच्या पडद्याचा फोटो पाठवला, तर उत्तर आले, "ही आमच्या भागीदाराची जाहिरात आहे, पुढच्या महिन्यात दर वाढवून देऊ." तो भागीदार कोण, हे विचारले तर सांगितले नाही.

आता कॅसिनोविषयी. त्या जहाजांना सरकारी परवाना आहे. तो असावा की नसावा, हा गोव्यात वेगळा वाद आहे आणि त्यात मी विरोधाच्या बाजूने आहे. पण २०२० च्या फेब्रुवारीपासून सरकारने गोमंतकीयांना तिथे खेळायला बंदी केली. मग ज्याला जहाजावर खेळता येत नाही त्याच्या खिशात सट्ट्याचे अॅप मी का नेऊन द्यायचे? शिवाय २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. "कोड माझा नव्हता" असे सांगून सुटता येईल, या भरवशावर मी तरी राहणार नाही.

डिचोलीचा बातमीदार

कायद्याचे ऐकून पोटात गोळा आला, खरे सांगतो. पण पैशाच्या प्रश्नाला उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

काणकोणची शिक्षिका

मी देते. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या साइटवर एकही नेटवर्क नाही. चवथीच्या आधी दोन महिने आम्ही गावात फिरतो. माटोळीचे (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांचे) सामान विकणारी बाई, गणपतीची चित्रशाळा, मंडपवाला, नाटकांना ध्वनी आणि प्रकाश पुरवणारा. एकेकाकडून ५०० रुपये, पट्टी आमची आम्हीच लावतो. चित्रशाळेचा फोटो मागच्या वर्षी मीच काढला, मातीचे हात आणि अर्धवट रंगवलेला उंदीर. लोकांनी तो फोटो बघून फोन केले. वर्षाचे होस्टिंग निघते आणि थोडे उरतात.

डिचोलीचा बातमीदार

बाई, शाळेचे वेगळे. मी ज्या दुकानदाराची जाहिरात घेईन, त्याच्या अतिक्रमणाची बातमी उद्या मला लिहावी लागेल. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. नेटवर्कचा एक फायदा असा की, तो माणूस मला बातमी मागे घे म्हणून सांगत नाही.

काणकोणची शिक्षिका

हे मात्र माझ्या लक्षात आले नव्हते. याला माझ्याकडे उत्तर नाही.

म्हापशाची वेब डेव्हलपर

दादांचा हा मुद्दा मलाही पटतो. मग नेटवर्क घ्या, पण पारखून. २०१७ पासून अॅड्स डॉट टीएक्सटी नावाची साधी फाइल असते. तुमच्या साइटची जागा विकायचा अधिकार कोणाला, ते तिच्यात लिहिलेले असते. चांगले नेटवर्क ती फाइल लावाच म्हणते. ज्याने तिचे नावही काढले नाही, किंवा कधी न ऐकलेल्या दलालांच्या शेकडो ओळी चिकटवायला दिल्या, त्याला नमस्कार करा. सट्टा, कर्ज, औषधे हे वर्ग बंद करायची सोय आहे का, विचारा. आणि पॉपअंडर (मागे गुपचूप उघडणारे पान) किंवा सूचना 'जास्त कमाईसाठी' चालू करा असा आग्रह धरला, तर तिथेच बोलणे संपवा.

आज रात्री एक करा. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, कधी न वापरलेल्या ब्राउझरमध्ये, गूगलवरून शोधून स्वतःच्या साइटवर या. चार-पाच बातम्या उघडा.

डिचोलीचा बातमीदार

केले. बायकोच्या फोनवर. पहिली बातमी नीट उघडली. दुसरी उघडायला बोट ठेवले तर मागे एक नवीन टॅब, त्यात एका प्रसिद्ध क्रिकेटपटूचा फोटो आणि 'पहिल्या पैजेवर दुप्पट'. ती बातमी होती आमच्या गावातल्या एका मुलाने उधारीपायी केलेल्या आत्महत्येची.

कोड काढलाय. या महिन्याचे पैसे ते देतील असे वाटत नाही. म्हापशाच्या ताई, ती अॅड्स डॉट टीएक्सटी फाइल कुठे ठेवायची तेवढे सांगा.