व्हिएतनाम उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत एकाच प्रवासात: कोणता महिना निवडावा?

दूरदेशी (प्रश्न)

नमस्कार. आई, बाबा आणि मी असे तिघे वीस-बावीस दिवसांसाठी व्हिएतनामला जाण्याचे ठरवत आहोत. आईला होई आनचे कंदील आणि जुने गाव पाहायचे आहे, बाबांना हनोई ते सायगॉन (आताचे हो ची मिन्ह सिटी) हा रेल्वेमार्ग जमेल तितका अनुभवायचा आहे आणि मला ‘हा लाँग’ नावाचा उपसागर व उत्तरेकडचे डोंगर खुणावत आहेत. सुट्टी ऑक्टोबर ते एप्रिल या काळात केव्हाही मिळू शकते.

अडचण अशी की, वाचावे तितका गोंधळ वाढतो आहे. एके ठिकाणी नोव्हेंबर ते मार्च हा कोरडा आणि सुखद हंगाम असल्याचे वाचले, म्हणून नोव्हेंबर जवळजवळ पक्का केला होता. दुसरीकडे त्याच नोव्हेंबरात होई आनच्या रस्त्यांवरून होड्या चालल्याची छायाचित्रे पाहिली. दोन्ही गोष्टी एकाच देशाबद्दल खऱ्या कशा असू शकतात? आईवडील दोघेही साठीच्या पुढचे आहेत आणि आईला दमट, कोंदट हवेत धाप लागते, त्यामुळे ऋतूची निवड आमच्यासाठी केवळ सोयीचा प्रश्न नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घाटमाथा

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण त्या देशाच्या वेगवेगळ्या भागांबद्दल आहेत. व्हिएतनाम उत्तर-दक्षिण सुमारे १,६५० किलोमीटर लांब आहे आणि मधल्या भागात त्याची रुंदी जेमतेम ५० किलोमीटर उरते. या अरुंद पट्ट्याच्या पश्चिमेला त्रुओंग सोन ही पर्वतरांग आहे आणि पूर्वेला समुद्र. सारी गुंतागुंत या रांगेमुळे होते.

मे ते ऑक्टोबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात आणि सायगॉन, मेकाँगचा त्रिभुज प्रदेश व मध्य पठार भिजवतात. मध्य किनाऱ्यावर मात्र ते डोंगर ओलांडूनच पोहोचतात. पाणी पलीकडे लाओसच्या उतारावर सांडलेले असते, त्यामुळे अलीकडे उतरते ती कोरडी, भाजणारी झुळूक. तिकडचे लोक तिला ‘लाओसचा वारा’ म्हणतात. सप्टेंबरनंतर चित्र उलटते. ईशान्येचे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि त्याच डोंगरांना समोरून धडकतात. सायगॉन कोरडे होऊ लागते, हनोईत आल्हाददायक हवा पडते आणि नेमक्या त्याच वेळी हुए, दा नांग, होई आन या पट्ट्यात पावसाळा ऐन भरात येतो. तमिळनाडूच्या किनाऱ्याला ऑक्टोबर-डिसेंबरात पाऊस मिळतो तो याच ईशान्य वाऱ्यांमुळे, हे ध्यानात घेतले की कोडे सुटते.

आणखी एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. सायगॉनचा पाऊस ही सर असते. दुपारी आभाळ भरून येते, तासभर धो धो कोसळते आणि संध्याकाळी लोक पुन्हा रस्त्यावर खुर्च्या मांडून बसतात. हुएचा पाऊस ही झड असते, जी लागली की चार-चार दिवस उघडीप देत नाही. हवामानाच्या तक्त्यात दोन्हींसमोर केवळ ‘पावसाळी महिना’ एवढेच लिहिलेले असते, परंतु पहिल्यात प्रवास होतो आणि दुसऱ्यात तो खोलीच्या खिडकीपाशी संपतो.

म्हणून माझे सांगणे असे, की संपूर्ण देश एका फेरीत पाहायचा असेल, तर महिना मध्य किनाऱ्यावरून ठरवावा, कारण उत्तर आणि दक्षिण दोन्ही थोडेफार सांभाळून घेतात, मध्य भाग घेत नाही. होई आनला फेब्रुवारी ते एप्रिल हा सर्वांत कमी पावसाचा काळ असतो आणि जूनपासूनचा भाजणारा उन्हाळा तेव्हा लांब असतो. तुमच्या सुट्टीच्या मर्यादेत मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा मध्य हा काळ मी निवडला असता.

त्याचबरोबर प्रवासाची दिशाही ठरवावी. बहुतेक जण सवयीने हनोईपासून सुरुवात करतात, परंतु या काळात तुम्ही सायगॉनपासून सुरुवात करून उत्तरेकडे सरकावे. दक्षिणेत एप्रिल हा वर्षातला सर्वांत तापदायक महिना असतो, पारा दुपारी ३५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा तो भाग आधी उरकलेला बरा. हनोईत मार्चमध्ये भुरभुर आणि ओल असते, ती एप्रिलच्या मध्यापर्यंत बरीच ओसरते, तेव्हा तो भाग शेवटी आलेला बरा. आपण जसजसे वर जाऊ, तसतशी हवाही आपल्या बाजूने होत जाते.

नदीकाठ

वरील उत्तराशी सहमत आहे. नोव्हेंबरबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण हीच चूक आम्ही केली होती.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही होई आनला पोहोचलो. पहिल्या संध्याकाळी नुसती रिपरिप होती आणि ओल्या रस्त्यावर कंदिलांचे प्रतिबिंब पडलेले पाहून आम्ही स्वतःला भाग्यवान समजलो. दुसऱ्या दिवशी पहाटे खालच्या मजल्यावर सामान सरकवल्याचे आवाज आले. खाली जाऊन पाहिले, तर आमच्या मुक्कामाच्या घरातील बाई फ्रीज टेबलावर चढवून त्याचे पाय दोरीने बांधत होत्या. थू बोन नदीचे पाणी तोवर उंबऱ्याशी आले होते आणि त्यावर कुणाची तरी एक चप्पल फिरत होती. बाईंच्या हालचालींत घाई होती, पण घबराट नव्हती. दर वर्षी-दोन वर्षांनी करायचे हे काम त्यांच्या हाताला पाठ होते.

नंतर पाणी उतरल्यावर आम्ही ‘तान की’ हे जुने व्यापारी घर पाहिले. तिथल्या भिंतीवर निरनिराळ्या वर्षांच्या पुराच्या पातळ्या नोंदवलेल्या आहेत आणि त्यांतल्या काही माझ्या डोक्याच्याही वर होत्या. ‘फुंग हुंग’ या दुसऱ्या घरात वरच्या मजल्याच्या तक्तपोशीला एक झडप ठेवलेली आहे, जिच्यातून पुराच्या वेळी माल वर ओढून घेत. गावाच्या बांधणीतच पुराची तयारी आहे, म्हणजे तो अपघाताने येणारा पाहुणा नाही, हे मला तेव्हा उमजले. १९९९ च्या नोव्हेंबरमधील महापुराची आठवण हुएमध्ये लोक अजूनही काढतात.

आमची हुएकडे जाणारी गाडी दोन दिवस निघाली नाही. पुढचे सारे मुक्काम आधीच भरलेले होते आणि त्यांपैकी एकाही ठिकाणाहून पैसे परत मिळाले नाहीत. दरवर्षी असेच होते असे मी म्हणणार नाही, कारण नोव्हेंबरात होई आनला लख्ख ऊन पाहून आलेले लोकही मला भेटले आहेत. परंतु आईवडील सोबत असताना, आणि त्यातही आईची मुख्य इच्छा होई आन हीच असताना, हा जुगार खेळू नये.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. होई आनमध्ये चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मंद करून कंदील उजळतात. आपल्या पंचांगात शुद्ध चतुर्दशीच्या आसपासचा दिवस पाहून मुक्काम ठरवावा.

धुकेवाट

घाटमाथा यांनी केलेले विवेचन उत्तम आहे, परंतु त्यांच्या निवडीची किंमतही धाग्यात नोंदली जावी असे वाटते. मार्च-एप्रिल हा उत्तरेकडच्या डोंगरांचा उत्तम काळ नव्हे. मू कांग चाय आणि सा पा येथील भाताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत थंडीमुळे वर्षातून एकच पीक निघते. मे-जूनमध्ये त्या पाण्याने भरून आरशासारख्या चमकतात आणि सप्टेंबरात सोनेरी होतात. एप्रिलमध्ये तिथे बहुतांशी उघडी माती दिसते. उत्तरेकडच्याच ‘हा जांग’ या भागातल्या पठारावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुट्टूची गुलाबी फुले येतात आणि तेव्हाची स्वच्छ हवा व दूरवर दिसणारी चुनखडीची शिखरे वर्षात दुसऱ्या कोणत्याही वेळी तशी मिळत नाहीत.

त्यामुळे ज्याचा जीव डोंगरांत आहे, त्याने सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यात केवळ उत्तर करावी आणि मध्य किनारा पुढच्या खेपेसाठी ठेवावा. वीस दिवस उत्तरेलाही पुरून उरत नाहीत. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणे म्हणजेच देश पाहणे, हा आग्रह मला पटत नाही.

दूरदेशी, तुमच्या आईंच्या त्रासामुळे हनोईच्या फेब्रुवारी-मार्चबद्दल विशेष सावध करतो. थंडी सरत असताना समुद्रावरून उबदार, बाष्पाने भरलेली हवा येते आणि थंड पडलेल्या फरशा-भिंतींवर त्या बाष्पाचे पाणी होते. तिथे या हवेला ‘नोम’ म्हणतात. मी मार्चच्या सुरुवातीला एका मित्राकडे राहिलो होतो, तेव्हा जिन्याच्या पायऱ्यांना अक्षरशः घाम सुटला होता. सकाळी पुसलेली फरशी दहा वाजता पुन्हा ओली, वाळत घातलेला सदरा तिसऱ्या दिवशीही दमट, आणि उघडा राहिलेला बिस्किटांचा पुडा तासाभरात सादळलेला. कोंदटपणा घालवायला मी खिडकी उघडली, तर मित्राने धावत येऊन ती बंद केली, कारण ओल बाहेरूनच आत येत असते. अशा हवेत दम्याच्या माणसाचे हाल होतात आणि ओल्या फरशीवरून वयस्कर माणसे घसरतात. हा लाँगवरही याच काळात धुके दाटते आणि बेटांच्या नुसत्या सावल्या दिसतात. म्हणून हनोईला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याआधी पोहोचू नका.

दूरदेशी

सर्वांचे मनापासून आभार. ‘सर आणि झड’ हा भेद आईला वाचून दाखवला, तेव्हा तिने नोव्हेंबर तत्काळ बाद केला. धुकेवाट, आपले म्हणणेही पटते. डोंगर मी एकटी पुन्हा कधीतरी सप्टेंबरात करीन. आता मार्चअखेर सायगॉनपासून सुरुवात करावी असे ठरते आहे. दोन शंका राहिल्या आहेत. दक्षिणेत तीन दिवस एखाद्या बेटावर विसावा घ्यायचा झाल्यास फू क्वोक निवडावे की कोन दाओ? आणि या काळात तिथल्या सणांमुळे काही अडचण येईल का?

दर्यावर्दी

ही दोन बेटे ऋतूच्या दृष्टीने एकमेकांच्या उलट वागतात. फू क्वोक पश्चिमेकडे, थायलंडच्या आखातात आहे, त्यामुळे नैर्ऋत्य वाऱ्यांच्या काळात तिथला समुद्र खवळतो आणि नोव्हेंबर ते मार्च तो शांत असतो. कोन दाओ मोकळ्या समुद्रात आहे. तिथे हिवाळ्यातले ईशान्य वारे बोटींना त्रास देतात आणि मार्चपासून समुद्र निवळत जातो. मार्चअखेर दोन्ही जमतात, परंतु गर्दी नको असेल, तर मी कोन दाओच सुचवीन. फ्रेंच काळातले तुरुंग तिथे जतन केलेले आहेत. ते पाहताना मन जड होते, पण पाहावेत. समुद्री कासवे अंडी घालायला येतात तो मुख्य हंगाम मात्र जून ते सप्टेंबर असतो, त्यामुळे त्या आशेने जाऊ नका.

घाटमाथा

सणांचे दोन अडथळे आहेत. पहिला ‘तेत’, म्हणजे चांद्र नववर्ष. ते जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत येते आणि तेव्हा सारा देश आपापल्या गावी निघतो, गाड्यांची तिकिटे मिळत नाहीत, दुकाने कित्येक दिवस बंद राहतात. तुम्ही त्यातून सुटलात. दुसरा अडथळा एप्रिलअखेरचा आहे. ३० एप्रिल हा देशाच्या एकीकरणाचा दिवस आणि लगेच १ मे, अशी जोडसुट्टी असते. हुंग राजांचा स्मृतिदिन चांद्र पंचांगाच्या तिसऱ्या महिन्याच्या दशमीला येतो आणि तो बहुधा एप्रिलमध्येच पडतो, तेव्हा त्या वर्षीची तारीख पाहून तिच्या आसपासची रेल्वेची तिकिटे आधी काढावीत. विसाव्या तारखेच्या सुमारास परतलात, तर जोडसुट्टीची गर्दी टळेल.

बाबांच्या रेल्वेबद्दल: हनोई-सायगॉन मार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे आणि पूर्ण प्रवासाला तीस तासांहून अधिक लागतात. तो सलग करू नका. दा नांग ते हुए हा सुमारे शंभर किलोमीटरचा तुकडा दिवसाउजेडी करा. गाडी हाय वान खिंडीच्या पायथ्याशी समुद्राच्या अगदी कडेने वळसे घेत जाते आणि तुम्ही उत्तरेकडे जात असल्यामुळे बाबांना उजव्या हाताची खिडकी मिळवून द्या. ‘हाय वान’ म्हणजे समुद्र आणि ढग. ही खिंड हवामानाची सीमारेषा मानली जाते. हिवाळ्यात कित्येकदा दा नांगच्या बाजूला ऊन आणि हुएच्या बाजूला दाट ढग असतात. एप्रिलमध्ये हा फरक सौम्य होतो, तरी बाबांना बोगद्यांच्या अलीकडचे आणि पलीकडचे आभाळ न्याहाळायला सांगा.

नदीकाठ

सामानाबद्दल एवढेच, की वाटेत दा लातला थांबणार असाल, तर तिघांसाठीही स्वेटर घ्या. ते गाव १,५०० मीटर उंचीवर आहे आणि सायगॉनच्या उकाड्यातून थेट वर गेल्यावर तिथली रात्र चांगलीच गार लागते. पुढे कधी सा पाला गेलात, तर तोच स्वेटर तिथेही लागेल. छत्र्यांचे ओझे नेऊ नका. तिथे प्रत्येक कोपऱ्यावर दुचाकीस्वारांचे पातळ प्लास्टिकचे रेनकोट मिळतात, ते अंगावर चढवले की दोन्ही हात मोकळे राहतात आणि ओल्या पायऱ्यांवर आईंना आधार देता येतो.