ग्राउल हवाच का?

छोटू: स्वीडिश मेटल बँड ओपेथचा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ हा अल्बम ऐकून झाला. दादा, तू इतका डोक्यावर घेतलायस, पण मला निम्मा वेळ काय चाललंय तेच कळेना

दादा: किती वेळा ऐकलास?

छोटू: दीड

दादा: शाबास. अरे, त्यात गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, श्रीमंत बाप वारलाय, मुलांसमोर मृत्युपत्र वाचलं जातंय. म्हणून गाण्यांना नावं नाहीत, नुसती कलमं, एक ते सात. शेवटच्या गाण्याला तेवढं नाव आहे. आणि मधूनमधून जो म्हातारा बोलतो ना, तो जेथ्रो टल या जुन्या रॉक बँडचा इयन अँडरसन. बासरीही त्याचीच.

मामा: अँडरसन? मग ऐकायलाच हवं.

दादा: मामा, बासरीच्या ओढीने जाल आणि पहिल्या ग्राउलला, म्हणजे त्या गुरगुरत्या ओरडण्याला, परत फिराल

वहिनी: मला तेच विचारायचंय. ग्राउल हवाच का? ‘डॅम्नेशन’मध्ये एकही नाही, आणि माझ्या मते त्यांचा तोच सगळ्यात सुंदर अल्बम.

दादा: घ्या, घरातच फितुरी

वहिनी: उत्तर दे आधी

दादा: देतो. ‘डॅम्नेशन’ सुंदर आहेच. पण तो ‘डिलिव्हरन्स’चा जुळा भाऊ आहे. दोन्ही एकाच वेळी रेकॉर्ड केले, एक २००२ ला आला, दुसरा २००३ ला. सगळा संताप एकीकडे ओतला म्हणून दुसरीकडे एवढी शांतता परवडली. आता २०११ चा ‘हेरिटेज’ घे. तिथून २०१९ पर्यंत सलग चार अल्बम, ग्राउल शून्य. वाजवणं उत्तम, आवाज उत्तम, पण कुठे धक्का म्हणून बसत नाही. त्यांच्याच ग्राउलवाल्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’मध्ये साधी अकूस्टिक गिटार सुरू झाली की हायसं वाटतं, कारण त्याआधी तुला चांगलं रगडून काढलेलं असतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत हायसंच वाटत राहिलं तर मग हायसं कशाचं?

ताई: अर्धं पटलं. त्या चारांतला ‘पेल कम्युनियन’ तू नीट ऐकलेलाच नाहीस, हे माझं जुनं मत. आणि खरं सांगू का, २००८ नंतर पहिल्यांदा ग्राउल ऐकू आले म्हणून लोकांनी नव्या अल्बमला दोन-चार मार्क जास्तच दिलेत. मला त्यात आवडला तो ड्रमर. वाल्टेरी वायरुनेन, ओपेथबरोबर पहिलाच अल्बम, आणि सगळ्यांना पळवलंय त्याने. ग्राउल काढून टाकले तरी हा अल्बम ‘हेरिटेज’पेक्षा जिवंत वाटला असता.

दादा: ड्रमरबद्दल एकशे एक टक्के. बाकी नामंजूर

छोटू: पण असं ओरडून घसा जात नाही का त्यांचा?

ताई: शिकून केलं तर सहसा नाही. खरे स्वरतंतू असतात त्यांच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्या थरथरवतात. जोर श्वासाचा, घशाचा नाही. मायक्रोफोनपासून लांब उभं राहून ऐकलंस तर बऱ्याचदा तो आवाज वाटतो त्याहून लहान असतो. जे नुसते बोंबलतात त्यांचा घसा बसतो.

मामा: मला ग्राउलचा त्रास नाही, तालाचा आहे. तू पाठवलेला मेशुगा बँडचा ‘कॅच थर्टीथ्री’ ऐकला. मात्रा मोजत बसलो, सम काही सापडेना. दोनदा सापडली असं वाटलं, दोन्ही वेळा फसलो.

दादा: मामा, गिटार मोजू नका! गिटार आणि खालचा बास ड्रम एका गटात, ते फसवणारच. कान झांजेवर ठेवा. झांज बहुतेक वेळ सरळ चारात चालू असते. गिटारचा तुकडा त्या चारात न बसणाऱ्या लांबीचा असतो, म्हणून दर आवर्तनाला तो सरकत जातो. मग ठरावीक आवर्तनं झाली की शेवटचा तुकडा मध्येच तोडतात आणि सगळे एकदम समेवर. ती जागा सापडली की खुर्चीतून उठाल.

मामा: म्हणजे तिहाईसारखं नाही. तिहाई बेतून समेवर येते. हे कापून आणतात.

दादा: बरोब्बर

ताई: आणि मामा, त्या अल्बमवर ड्रम कोणी वाजवलेले नाहीत, संगणकावर बसवलेत. नावं तेरा असली तरी ४७ मिनिटांचं एकच सलग गाणं आहे. मला स्वतःला त्यापेक्षा त्यांचाच ‘ऑबझेन’ आवडतो, तिथे माणूस घाम गाळताना ऐकू येतो.

छोटू: अवघड वाजवायचं असेल तर ड्रीम थिएटर बँड आहेच की. त्यांचा ड्रमर पोर्टनॉय परत आलाय, ‘पॅरासोम्निया’ अल्बम मस्त आहे

दादा: आता मी बोलणार आणि तुला राग येणार. त्यांचा ‘इमेजेस अँड वर्ड्स’ १९९२ चा, त्याला हात लावत नाही. पण पुढे पुढे गाणं थांबवून कसरत दाखवायची आणि मग गाणं पुन्हा सुरू करायचं, हे फार झालं. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे गुंतागुंतीच्या रचनांचं मेटल, त्यातलं खरं पुढे जाणं मला ग्राउल करणाऱ्या डेथ मेटलवाल्यांकडे दिसतं. चक शुल्डिनरचा डेथ नावाचा बँड घे. १९८७ ला रक्त आणि मढी यांच्यावर गाणी. चारच वर्षांत ‘ह्यूमन’, तोही सिनिक बँडच्या पॉल मॅस्विडल आणि शॉन रायनर्टला घेऊन. मग १९९५ ला ‘सिम्बॉलिक’. त्यात एक सोलो, म्हणजे एकट्या वाद्याचा तुकडा, दाखव जो काढून टाकला तरी गाणं तसंच राहील.

छोटू: राग आला

ताई: येऊ दे, मलाही आला. ड्रीम थिएटरचा ‘मेट्रोपोलिस पार्ट टू’ कसरत आहे? त्यातले सोलो गोष्टीतल्या माणसांबरोबर चालतात. आणि डेथचा १९९८ चा ‘द साउंड ऑफ पर्सिव्हरन्स’ काय कमी कसरत आहे का? तिथे तुला चालतं.

दादा: तिथे बास गिटार कासावीस करतो

ताई: हे उत्तर नाही

वहिनी: नाहीच आहे

मामा: हा शुल्डिनर आता काय करतो?

ताई: गेला, मामा. डिसेंबर २००१, मेंदूतली गाठ. ३४ वर्षांचा होता.

मामा: अरेरे. पाठव मग ते ‘सिम्बॉलिक’.

दादा: पाठवलं. आणि जमलं तर गॉर्गट्स बँडचा ‘कलर्ड सँड्स’ही ऐका, २०१३ चा. तिबेटवर आहे. मध्ये चीन-तिबेटच्या चामदोच्या लढाईवर एक तुकडा आहे तो फक्त तंतुवाद्यांचा, गिटार नाही, ड्रम नाही, ग्राउल नाही. वहिनींनाही चालेल.

वहिनी: ‘वहिनी’ काय? ग्रुपवर आहोत म्हणून?

दादा: छोटूच्या भाषेत बोललो

वहिनी: ऐकला तो तुकडा. छान आहे, पण तू मघाशी म्हणालास त्याच्या उलट झालं. मला आधी रगडून न घेता आवडला.

ताई: हा हा, बोल आता

दादा: अल्बममधून सुटा काढून ऐकलास. चौथ्यानंतर पाचवा असा ये त्याच्याकडे, मग सांग

ताई: बरं, ब्लड इन्कँटेशन या डेथ मेटल बँडच्या ‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’चं काय? दोनच गाणी, प्रत्येकाचे तीन भाग, बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत केलेला. सगळे २०२४ चा सर्वोत्तम म्हणत होते. मला शिवण दिसते. इथे डेथ मेटल, इथे सिंथ, तिथे पिंक फ्लॉइडचा सुट्टीचा दिवस.

दादा: पहिल्या बाजूला दिसत नाही. टँजरिन ड्रीम या सिंथवाल्या बँडचा माणूस येतो तिथे तर अजिबात नाही, तिकडे नेण्यासाठीच आधीचा रिफ, म्हणजे गिटारची फिरती ओळ, सैल केलाय. दुसऱ्या बाजूबद्दल भांडणार नाही.

ताई: म्हणजे अर्धा अल्बम माझा

दादा: पाव. दुसऱ्या बाजूच्या ‘द मेसेज’चा शेवटचा भाग परत ऐक, तिथे तरी शिवण दाखव मला

ताई: रात्री ऐकते. सेकंदासकट दाखवीन.