सोळा वर्षांच्या मुलांवरचा बोनस : सगळा एकावर की थोडाथोडा अनेकांवर?

सॅनदिएगोकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. सॅन दिएगोत राहायला आल्यापासून पाड्रेस या इथल्या बेसबॉल संघाचे सामने पाहण्याची सवय लागली आणि आता मैदानावरील खेळाइतकेच मैदानाबाहेरच्या हिशेबांचेही कुतूहल वाटू लागले आहे. दरवर्षी 15 जानेवारीपासून डोमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला आणि इतर देशांतील सोळा-सतरा वर्षांच्या मुलांशी नवे करार होतात आणि सही करतानाच त्यांना बोनस मिळतो, एवढे मला ठाऊक आहे. पाड्रेसने 2023 मध्ये व्हेनेझुएलात वाढलेल्या एथन सालास या कॅचरला (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या खेळाडूला) 56 लाख डॉलर दिले आणि 2024 मध्ये लिओडालिस डी व्रीस या डोमिनिकन शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाला) 42 लाख. दोन्ही वर्षी या कामासाठी उपलब्ध असलेल्या रकमेचा फार मोठा भाग एकाच मुलावर खर्च झाला.

नोव्हेंबर 2024 च्या आयपीएल लिलावात राजस्थान रॉयल्सने तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीसाठी 1 कोटी 10 लाख रुपये मोजले, तेव्हा आपल्याकडे किती चर्चा झाली हे आठवत असेलच. परंतु ती रक्कम 120 कोटींच्या थैलीतली होती. येथे तर थैलीच जवळजवळ रिकामी केली जाते. मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. जो संघ मॅनी मचाडोसारख्या प्रस्थापित खेळाडूला 35 कोटी डॉलरचा करार देऊ शकतो, तो या मुलांवर साठ लाखांच्या आसपासच का थांबतो? आणि सोळा वर्षांचा मुलगा पुढे कसा निघेल हे कोणालाच सांगता येत नसताना सगळे पैसे एकावर लावणे शहाणपणाचे आहे का?

जुना_स्कोअरर यांचे उत्तर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : संघ थांबत नाही, त्याला थांबवले जाते. अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिको येथील मुले ड्राफ्टमधून येतात, म्हणजे संघ त्यांना आळीपाळीने निवडतात. बाकी जगातील हौशी खेळाडू मात्र कोणत्याही संघाशी करार करण्यास मोकळे असतात. या दुसऱ्या गटावर किती बोनस खर्च करता येईल याची प्रत्येक संघाला वार्षिक मर्यादा आहे, जिला सर्वजण पूल म्हणतात. 2025 साली हा पूल संघागणिक साधारण 51 लाख ते 75 लाख डॉलरच्या दरम्यान होता. छोट्या शहरांतील संघांना थोडा मोठा पूल मिळतो. जे संघ दुसऱ्या संघाची विशिष्ट ऑफर नाकारून बाहेर पडलेल्या महागड्या खेळाडूला घेतात, त्यांचा पूल पाच किंवा दहा लाखांनी कापला जातो.

ही मर्यादा नेहमीच इतकी कडक नव्हती. 2012 पूर्वी संघाला वाटेल तेवढा खर्च करता येत असे. त्यानंतरच्या पाच वर्षांत पूल आला, पण तो ओलांडता येत होता. ओलांडलेल्या रकमेवर तेवढाच कर भरावा लागे आणि पुढील दोन हंगाम कोणालाही तीन लाखांहून अधिक बोनस देता येत नसे. श्रीमंत संघांनी ही शिक्षा म्हणजे प्रवेशशुल्क आहे असेच मानले. बोस्टन रेड सॉक्सने 2015 मध्ये क्युबाच्या योआन मोंकाडाला 3 कोटी 15 लाख डॉलर दिले आणि जवळपास तेवढाच कर भरला. त्याच वर्षी डॉजर्सने क्युबाच्याच यादिएर अल्वारेझ या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) 1 कोटी 60 लाख दिले, आणि तो मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, एकही सामना खेळला नाही. आपल्या पाड्रेसने 2016 मध्ये तर एकदाच शिक्षा भोगायची आणि तोवर जमेल तेवढी खरेदी करायची असे ठरवून बोनस आणि कर मिळून कोट्यवधी डॉलर ओतले. त्यांपैकी 1 कोटी 10 लाख एकट्या एड्रियन मोरेहोनला आणि 70 लाख होर्हे ओन्याला. मोरेहोन पुढे चांगला रिलीव्हर (सामन्यात मागाहून येणारा पिचर) झाला, ओन्या मेजर लीगमध्ये जेमतेम डोकावला. शिकागो व्हाइट सॉक्सने 2017 च्या मे महिन्यात लुईस रॉबर्टला 2 कोटी 60 लाख दिले, तो या जुन्या पद्धतीचा शेवटचा मोठा बार म्हणावा लागेल, कारण त्याच उन्हाळ्यापासून पूल ओलांडण्याची सोयच काढून टाकण्यात आली.

नव्या नियमाचा अर्थ काय होतो हे त्याच डिसेंबरमध्ये दिसले. शोहेई ओहतानी तेव्हा 23 वर्षांचा होता आणि 25 वर्षांखालील परदेशी व्यावसायिकालाही पुलातूनच पैसे द्यावेत असे ठरलेले होते. त्यामुळे जपानमध्ये नाव गाजवून आलेला हा खेळाडू एंजल्सकडे अवघ्या 23 लाख 15 हजार डॉलर बोनसवर आला. टेक्सास रेंजर्स त्याला 35 लाखांहून अधिक देऊ शकत होते. त्याने पैशाकडे पाहिले नाही, हा भाग वेगळा.

आता दुसरा प्रश्न. केवळ निकाल पाहिले तर एकावर सगळे लावण्याच्या विरोधात भरपूर पुरावा सापडतो. ओकलंडने 2008 मध्ये मायकेल यनोआ या उंचपुऱ्या पिचरला 42 लाख 50 हजार दिले. तो मेजर लीगमध्ये पोहोचला तो आठ वर्षांनी आणि तोही दुसऱ्याच संघातून. उलट बाजूला होसे अल्तुवे पाहा. व्हेनेझुएलातील माराकाय येथे ह्यूस्टन अॅस्ट्रोसची चाचणी चालू असताना त्याची उंची पाहून त्याला घरी पाठवण्यात आले होते. वडिलांच्या सांगण्यावरून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथे गेला आणि 2007 मध्ये 15 हजार डॉलरवर त्याचा करार झाला. पुढे त्याने तीन वेळा लीगमधील सर्वोच्च बॅटिंग सरासरी नोंदवली आणि 2017 मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. याच संघाने 2015 मध्ये फ्राम्बर वाल्डेझ आणि क्रिस्तियान हाव्हियेर या दोन डोमिनिकन पिचरना प्रत्येकी 10 हजारांत घेतले. वाल्डेझ तेव्हा 21 वर्षांचा होता, म्हणजे त्या बाजारात अगदी म्हातारा. 2022 च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, चौथ्या सामन्यात फिलाडेल्फियाला एकही हिट मिळू दिली गेली नाही, तेव्हा सुरुवातीचा पिचर हाव्हियेर होता, आणि निर्णायक सहावा सामना वाल्डेझने जिंकून दिला.

एक बारकावा येथे महत्त्वाचा आहे. 10 हजार किंवा त्याहून कमी बोनस पुलात मोजलाच जात नाही. त्यामुळे पूल एका मुलावर संपवलेला संघही चतुर स्काउट (होतकरू खेळाडू हेरणारे) आणि धीराचे प्रशिक्षक यांच्या बळावर ही दुसरी खरेदी वर्षभर करू शकतो. त्या दृष्टीने एकावर की अनेकांवर हा पर्याय वाटतो तितका टोकाचा नाही.

पूर्वा_जर्सीसिटी यांचे उत्तर

वरील उत्तरातील माहितीशी मी सहमत आहे, पण निष्कर्षाला एक जोड द्यावीशी वाटते. अल्तुवेसारखी उदाहरणे मोहक असतात, कारण 15 हजारांवर सही करून कोठेच न पोहोचलेली हजारो मुले आपल्याला दिसत नाहीत. दुसरीकडे व्लादिमीर गरेरो ज्युनिअर 39 लाखांवर आणि हुआन सोतो 15 लाखांवर आला होता, म्हणजे मोठ्या रकमा आंधळेपणाने दिल्या जातात असेही नाही.

माझ्या मते खरा प्रश्न असा आहे की पैशावर कडक मर्यादा घातल्यावर स्पर्धा गेली कोठे. ती नाहीशी झाली नाही, ती वयावर सरकली. सर्वांकडे साधारण सारखीच रक्कम असेल तर जो आधी शब्द देतो त्याला मुलगा मिळतो. नियमानुसार सोळाव्या वर्षापूर्वी करार करता येत नाही, पण तोंडी बोलणी बारा-तेरा-चौदाव्या वर्षीच पक्की होतात, हे आता गुपित राहिलेले नाही. म्हणूनच 15 जानेवारीला सकाळी जी नावे जाहीर होतात ती बहुतेक आधीपासून सर्वांना माहीत असतात. त्या दिवशी खरेदी होत नाही, फक्त सह्या होतात. संघ सोळा वर्षांच्या मुलावर 42 लाख लावतो असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात तो निर्णय त्याहून बऱ्याच लहान मुलाकडे पाहून घेतलेला असतो.

या मुलांना घडवणारे स्थानिक प्रशिक्षक, ज्यांना तेथे बुस्कोन म्हणतात, ते राहण्या-जेवण्यापासून बॅट-ग्लोव्हपर्यंतचा खर्च वर्षानुवर्षे करतात आणि मोबदल्यात बोनसचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक घेतात. त्यांना सरसकट खलनायक ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण संघांच्या अकादमींचे दार उघडेपर्यंतचा खर्च दुसरे कोणी करत नाही. परंतु कोवळ्या वयाला भाव असला की वय लपवण्यालाही भाव येतो. वॉशिंग्टन नॅशनल्सने 2006 मध्ये सोळा वर्षांचा समजून एका डोमिनिकन शॉर्टस्टॉपला 14 लाख डॉलर दिले. 2009 मध्ये उघड झाले की त्याचे नावही वेगळे होते आणि वय चार वर्षांनी जास्त होते. वीस वर्षांच्या शॉर्टस्टॉपला तेवढी रक्कम कोणीही दिली नसती.

संघही मागे नाहीत. अटलांटा ब्रेव्ह्जने एका मुलाला द्यायचे पैसे दुसऱ्यांच्या बोनसात दाखवून मर्यादेला वळसा घातला. 2017 मध्ये हे सिद्ध झाल्यावर डझनभर मुलांना संघातून मोकळे करण्यात आले आणि सरव्यवस्थापक जॉन कोपोलेला यांच्यावर आजीव बंदी आली, जी 2023 मध्ये उठवली गेली. मोकळ्या झालेल्या मुलांत केव्हिन मायतान होता. त्याला ब्रेव्ह्जकडून 42 लाख 50 हजार मिळाले होते, ते त्याच्याकडेच राहिले आणि एंजल्सने आणखी 22 लाख दिले. दोन संघांनी एवढे मोजूनही तो मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही.

आणि तोंडी शब्दाची किंमत काय, हे जानेवारी 2025 मध्ये दिसले. जपानचा रोकी सासाकी 23 वर्षांचा, म्हणून त्यालाही पुलातूनच पैसे. डॉजर्सचा पूल 51 लाखांच्या आसपास होता, तरी त्यांनी आपले होतकरू खेळाडू देऊन इतर संघांकडून पुलातील जागा विकत घेतली आणि त्याला 65 लाख दिले. ज्या लॅटिन अमेरिकी मुलांना त्याच पैशांचा शब्द मिळालेला होता, त्यांच्यातील काहींना दुसरा संघ शोधावा लागला. सासाकीसारखा पिचर या दराने मिळत असेल तर कोणताही संघ तेच करेल. पण लेखी करार नसल्यामुळे त्या मुलांपाशी मागण्यासारखे काहीच नव्हते.

सॅनदिएगोकर

दोघांचेही आभार. एक शंका उरते. पाड्रेसने डी व्रीसला जुलै 2025 मध्ये अॅथलेटिक्सकडे देऊन टाकले. मग 42 लाख वाया गेले असे म्हणायचे का?

जुना_स्कोअरर

मुळीच नाही, माझ्या मते ती रक्कम तेथेच वसूल झाली. त्याच्या आणि इतर काही तरुण खेळाडूंच्या बदल्यात मेसन मिलर हा रिलीव्हर मिळाला, जो ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने चेंडू टाकतो आणि ज्याच्यावर संघाचे नियंत्रण अजून काही वर्षे आहे. खुल्या बाजारात असा रिलीव्हर 42 लाखांत कोणी देणार नाही. सतरा-अठरा वर्षांच्या चमकदार शॉर्टस्टॉपची किंमत तो मेजर लीगमध्ये खेळण्याच्या कितीतरी आधी, त्याच्याविषयीची आशा शाबूत असताना, सर्वाधिक असते. पाड्रेसचे सरव्यवस्थापक ए. जे. प्रेलर यांनी हे ओळखले आहे आणि म्हणून एकावर सगळे लावणे त्यांना परवडते : दहा मध्यम मुलांच्या बदल्यात मिलर मिळत नाही.

याच संघाने उलट दिशेनेही लाभ घेतला आहे. फर्नांडो तातीस ज्युनिअरला व्हाइट सॉक्सने 2015 मध्ये 7 लाखांत घेतले आणि 2016 च्या जूनमध्ये, त्याचा पहिला व्यावसायिक सामनाही झालेला नसताना, जेम्स शील्ड्स या उताराला लागलेल्या पिचरसाठी पाड्रेसला देऊन टाकले. म्हणजे 2016 च्या त्या उधळपट्टीच्या उन्हाळ्यात पाड्रेसला लाभलेला सर्वांत मोठा खेळाडू दुसऱ्याच्या बोनसावर आलेला होता.

कायदेकानू_टोरांटो यांचे उत्तर

चर्चेत एक तुलना राहून गेली. 2024 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाच्या निवडीसाठी ठरवलेली बोनसची रक्कम 1 कोटी 5 लाख डॉलरहून अधिक होती आणि क्लीव्हलंडने त्या जागी निवडलेल्या ट्रॅव्हिस बाझानाला 89 लाख 50 हजार दिले. म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयात शिकल्यामुळे ड्राफ्टमध्ये आलेल्या एका ऑस्ट्रेलियन खेळाडूचा बोनस कोणत्याही संघाच्या त्या वर्षीच्या संपूर्ण आंतरराष्ट्रीय पुलापेक्षा मोठा ठरला, आणि हे अशा लीगमध्ये जिथे चौथ्या हिश्शाहून अधिक खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत. पुलाची रक्कम प्रतिभेच्या अंदाजावरून ठरत नाही, वाटाघाटीच्या टेबलावर ठरते, आणि ज्या मुलांचे पैसे ठरतात ती तेव्हा खेळाडू संघटनेची सभासद नसतात.

तोंडी करारांवर उपाय म्हणून मालकांनी आंतरराष्ट्रीय ड्राफ्टचा आग्रह धरला होता. जुलै 2022 मध्ये मालकांचा शेवटचा प्रस्ताव एकूण 19 कोटी 10 लाख डॉलरचा आणि संघटनेची मागणी 26 कोटींची होती. 25 जुलैच्या मुदतीत तडजोड झाली नाही आणि आहे ती पद्धत चालू राहिली. विरोध करणारे बहुतेक वेळा प्वेर्तो रिकोकडे बोट दाखवतात, कारण 1990 च्या सुमारास ते बेट ड्राफ्टमध्ये आले आणि त्यानंतर तेथे मुलांना घडवण्यात पैसा घालण्याचे संघांना काही कारण उरले नाही. त्या ऱ्हासाला इतरही कारणे असतील, पण डोमिनिकन प्रजासत्ताकात सर्व तीसही संघांच्या अकादमी आहेत आणि त्यांच्याभोवती खेळाचे एक अर्थकारण उभे आहे, म्हणून तेथील भीती मला पोकळ वाटत नाही.

मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातील सध्याचा सामूहिक करार 1 डिसेंबर 2026 रोजी संपतो, तेव्हा हा विषय पुन्हा निघेल. त्या वेळी रकमेवर एकमत होणे कदाचित सोपे जाईल. 2028 आणि 2029 साठी ज्या मुलांना आधीच तोंडी शब्द दिले गेले आहेत त्यांना नव्या पद्धतीत कोठे बसवायचे, हे अधिक अवघड आहे, कारण ते शब्द दिल्याचे कबूल करणे म्हणजेच नियम मोडल्याचे कबूल करणे.